पाडलं गव्हानं, नाव दारूचं

हे लिहायची हौस मला नाही, आधीच सांगतो. डॉक्टरीणबाईंनी सुनेला सांगितलं, सुनेनं वही आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आबा, रोज ओट्यावर बसून ओरडता ना, तेच लिहा. बाई नव्या पेशंटांना वाचायला देणारेत." म्हणजे ओरडलो तर त्रास आणि लिहिलं तर औषध! मी चौथीतनं पळालेला माणूस. काना-मात्रा चुकला तर बाईंनी सुधारावा, मला विचारायला येऊ नये.

जन्मभर गवंडीकाम केलं, चिऱ्याची घरं बांधली. चिरा तासताना कपच्या उडतात, त्यांच्याकडे कोण बघत नाही. संध्याकाळी उठायला गेलं की कळतं, नडगीपर्यंत ढीग झालाय. या आजाराच्या गोष्टींचं तसंच झालं. पाच वर्षांत इतक्या साठल्या की आता पाय काढायला जागा नाही.

आजाराचं नाव सिलिॲक. गहू पोटात गेला की आतडं आतून सोलवटतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू, जव, रवा, मैदा, सगळं बंद, जन्मभर. गोळी नाही, इंजेक्शन नाही. शास्त्र मला एवढंच येतं. पुढचं सगळं माणसांचं आहे, आणि माणसं गव्हापेक्षा वाईट.

*

पहिली गोष्ट पडल्याची. ती सांगितल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीनं पाऊण तास. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते, सहाणेवर बसते, मग घरोघर जाते. सहाण म्हणजे गावाच्या मधोमध चिऱ्याचा चौथरा. पालखी आम्ही नुसती नेत नाही, नाचवतो. दांड्याला पुढे दोन भोई, मागे दोन. पुढचा पहिला खांदा चाळीस वर्षं माझा होता. त्याआधी बापाचा होता, पण बाप दारूनं गेला. त्याला पोचवून आलो त्याच दिवशी मी देवीच्या पायरीवर हात ठेवला आणि सांगितलं, थेंब घेणार नाही. घेतला नाही. कामावरचे गडी संध्याकाळी बसायचे तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन बसायचो.

त्या वर्षी माझं पोट दीड वर्ष बिघडलेलं. दिवसाला सहा-सहा वेळा परड्यात पळायचो. अंगावरचं मास उतरलं, पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडली. तरी खांदा दिला, कारण चाळीस वर्षांत कधी चुकवला नव्हता. सहाणेपुढे दोन फेरे झाले आणि गुडघे मेणाचे झाल्यासारखे दुमडले. पालखी कलली. मागच्यांनी सावरली म्हणून टेकली नाही.

पालखीपुढे काठी घेऊन चालणारा मानकरी म्हणजे सखाराम धाकू, वरच्या वाडीचा. शाळेतनं आम्ही दोघं एकाच दिवशी पळालो होतो, इतकी जुनी ओळख. तो मला उठवायला वाकला नाही. उभ्यानंच, सगळ्या गावासमोर म्हणाला, "शांताराम, देवीला खांदा देताना तरी पिऊ नये रे माणसानं."

ढोल थांबलेला, त्यामुळे शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेलं.

आमच्यात मानकरी सहाणेवर जे बोलतो ते देवीसमक्ष बोललेलं. मागं घ्यायचं तर त्यानंच, तिथंच, पालखीपुढे गाऱ्हाणं घालून चुकलो म्हणायचं. घरात, बाजारात, कानात म्हटलेलं कोण धरत नाही. तेव्हा माझा खांदा गेला आणि नाव पण गेलं. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली पोरंसोरं मला बघून बाजूला व्हायची. माझा बाप रस्त्यानं यायचा तेव्हा व्हायची तशी.

*

मग लोकांनी माझी काळजी घ्यायला सुरुवात केली. तिथनं खरा नाश झाला.

पोटाच्या माणसाला भात वातूळ, असं कोणीतरी बायकोच्या डोक्यात भरवलं. भात बंद, चपाती चालू. मुंबईच्या मुलानं चांगल्यातला गहू गोणीनं पाठवला. बायको त्याचं सत्त्व काढायची. गहू तीन दिवस भिजत घालायचा, वाटायचा, गाळायचा, खाली बसेल तो साका दुधात शिजवून मला पाजायचा. बिचारी पहाटे उठून करायची, आणि मी प्यालो की परड्यात पळायचो. ती म्हणायची, "अजून ताकद आली नाय, उद्या जास्त देते."

बघायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणायचा. आजाऱ्याला दुसरं काय न्यायचं असतं ते आमच्या गावाला माहीत नाही. कोण टोस्ट आणायचा, कोण पाव. ज्यांचं माझ्यावर प्रेम जास्त त्यांनी मला जास्त घातलं. एक सखाराम आला नाही. त्या काळात मला कमीत कमी इजा त्याच माणसानं केली, हे कबूल करायला लागतं, आणि त्याचाही राग येतो.

*

शेवटी सून शुभांगीनं मला उचलून रत्नागिरीला नेलं. ही बारावी पास आहे आणि ऐकत नाही. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं आधी रक्त बघितलं, मग घशातनं नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला काढला. आठ दिवसांनी समोर बसवून म्हणाली, "आजोबा, गहू बंद. कायमचा."

मी म्हटलं, "मग खाऊ काय? दगड?"

तिनं विचारलं, "लहानपणी काय खात होतात?"

मी सांगायला लागलो. सकाळी पेज. कधी घावणे, कधी आंबोळ्या. दुपारी भात, वर कुळथाचं पिठलं नाहीतर माशाचं कालवण. रात्री तांदळाची भाकरी, सुकट. भाताचं पीक लांबलं की नाचणी. उपासाला वऱ्याचे तांदूळ. गहू आमच्या घरात होळीच्या पोळीला यायचा, तो पण शेर-दोन शेर. चपाती मुंबईवाल्यांनी आणली. घरात चपाती होते म्हणजे घर सुधारलं असं झालं, आणि आम्ही सुधारलो.

बाई सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "बस. हेच खा."

मी म्हटलं, "एवढं सांगायला घशात नळी घातलीत?"

ती हसली. मला हसायला आलं नाही. मी विचारलं, "माणूस यानं चालता-चालता पडतो का?" ती म्हणाली, "तुमच्या अंगात रक्त निम्म्यावर आलंय. तुम्ही उभे कसे राहिलात तेच मला कळत नाही." मी म्हटलं, हे कागदावर लिहून द्या. तिनं दिलं. तो कागद मी प्लॅस्टिकात घालून सखारामच्या घरी पाठवला. दोन दिवसांनी परत आला. निरोप असा, की चष्मा सापडत नाही.

*

गहू घरातनं गेला, पण गावातनं कुठं जाणार? आमच्या गिरणीवाल्या जनूकडे जातं एकच. सकाळी कोणाचे गहू, त्यावरच माझे तांदूळ. मी म्हटलं, आधी झाडून घे. तो म्हणाला, "आबा, चिमूटभर पिठानं काय व्हतंय?"

मी म्हटलं, "तुझ्या चहात चिमूटभर शेण टाकतो. पी."

भांडण पंधरा दिवस चाललं. मग माझ्या डोक्यात आलं. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून खरवडावा लागतो. त्याला माणूस बाहेरगावाहून यायचा, आज येतो उद्या येतो करत जनूला रडवायचा. मी जनूला म्हटलं, टाकी मी लावतो. हातोडा-छिन्नी माझी, मजुरी नको. पण त्या दिवशी पेटी खोलायची, मी माझ्या हातानं धुऊन-पुसून काढणार, आणि पहिलं दळण माझं. त्यातलं पण पहिलं दोन किलो गुरांना, उरलेलं डब्यात. दोन टाक्यांच्या मधे लागलं तर घरचं जातं आहे.

तेव्हापासून तसंच चालतं. जनूनं गिरणीच्या दाराला खडूनं लिहिलेलं असतं, 'आज दगड आबांचा. गहू उद्या.' बायका मला शिव्या देत परत जातात. जाऊ देत.

*

आता पट्ट्याची दोन भोकं मागं आली होती, आणि एकदम पोट पुन्हा सुरू झालं. चार दिवस. घरात गव्हाचा कण नाही. मग मी काय केलं? शुभांगीवर ओरडलो. म्हटलं, तूच चोरून चपात्या लाटतेस आणि त्याच हातानं माझी भाकरी थापतेस. अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोललो. तिनं बायकोचा चष्मा घेतला आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा, एकेक पुडी खाली काढून वाचायला बसली. मसाला, पापड, लोणचं. दुपारचे तीन झाले तरी जेवली नाही.

मग बाहेर आली आणि एक एवढीशी डबी माझ्यापुढे धरली. हिंग. बारीक अक्षरात लिहिलेलं, की हिंग थोडा आणि बाकी गव्हाचं पीठ. मला बरं वाटावं, पचावं, म्हणून बायको आठवडाभर रोज आमटीला हिंगाची फोडणी घालत होती.

मी उठलो, अंगणात गेलो, जिथं उभं राहून बोललो होतो तिथंच उभा राहिलो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शुभांगी, माझं चुकलं. तुझा काही दोष नाही."

एवढंच. त्याला वेळ लागला नाही, अंगावर वीज पडली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण काही लोकांना वाटतं की यानं माणूस मरतो.

*

वाडीत मीच बांधलेल्या एका घरात पूजा होती. प्रसादाला शिरा, म्हणजे रवा, म्हणजे गहू. मी हात जोडले, नको म्हटलं. घरच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. तिच्या घराचा पाया मी घातला आणि तिच्या देवाचा प्रसाद मी नाकारला! मागनं कोण तरी कुजबुजलं, देवीनं खांद्यावरनं उतरवला तेव्हापासून देवावरच राग आहे याचा. भटजी शहाणा निघाला. त्यानं केळ्याचा तुकडा, तीर्थ आणि तुळशीचं पान दिलं आणि म्हणाला, "हाही प्रसादच."

पुढच्या वर्षी म्हातारीनं मला खास बोलावणं पाठवलं. म्हणाली, या वेळेला तुमच्यासाठी वेगळा केलाय, खा पोटभर. मी बघितलं तर शिराच. म्हटलं, यात काय वेगळं?

म्हणाली, "तुमच्या वाटणीत रवा कमी घातलाय."

*

मुंबईचा मुलगा आला की आम्हाला गणपतीपुळ्याला नेतो. दर्शन झालं, आता हॉटेलात जेवू म्हणाला. मी त्या पोऱ्याला, म्हणजे चांगला पन्नाशीचा वेटर होता, पाच वेळा सांगितलं की मासळीला रवा लावायचा नाही, तांदळाचं पीठ लाव. हो हो म्हणाला. सुरमई आली ती रव्यात लोळून आलेली. परत पाठवली. दुसरी आली, तिचा रवा खरवडून काढलेला!

मी उठलो आणि आत गेलो. मुलगा मागनं बाबा-बाबा करतोय. आचाऱ्याला म्हटलं, तवा दे. काथ्या आणि राखेनं तवा मी घासला, माझ्या पिशवीतलं तांदळाचं पीठ काढलं, मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तुकडी मीच सोडली तव्यावर. आचारी बघत राहिला. वासावर शेजारच्या टेबलावरची माणसं वळली.

तिथं पुण्याकडची एक बाई होती. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही पण ग्लुटन फ्री? मी पण! वजनासाठी. सोमवार ते शुक्रवार."

मी विचारलं, "मग शनिवारी तुमचं आतडं गावाला जातं का?"

मुलगा अजून म्हणतो की मी असं बोलायला नको होतं. त्यानंच एकदा मला विलायती बिस्किटं आणून दिली होती, आमच्यासारख्यांसाठीची, चकचकीत डब्यातली. मी एक खाल्लं. दुसरं म्हशीपुढे धरलं. म्हैस वास घेऊन बाजूला झाली. त्यापेक्षा शुभांगीचे घावणे, नारळाचा रस, नाचणीची आंबील, तिरफळं घातलेला बांगडा, गणपतीत उकडीचे मोदक, यात कुठं गहू आहे? बाई, हे तुमच्या पेशंटांना मोठ्यानं वाचून दाखवा. डब्यातलं काही लागत नाही. आजीला विचारा, ती काय खायची ते. आज मी एकोणसत्तरचा, आणि पट्ट्याची तिन्ही नवी भोकं मोकळी आहेत.

*

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस दुपारी सखाराम माझ्या अंगणात आला. पालखीशिवाय, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओट्यावर चढला नाही, खालच्या पायरीवर बसला. मोहराचं बोलला, वांदरांचं बोलला, पान लावलं, खाल्लं, थुंकून आला. 

मग म्हणाला, "सुनंदाला तुझाच आजार निघालाय."

सुनंदा त्याची धाकटी लेक, खेडला दिलेली. दोन वर्षं वाळत चाललेली, केस गळलेले, रक्त कमी. डॉक्टरांनी गहू बंद केला आणि सासरी रामायण झालं. सासू म्हणते, ही नाटकं आहेत, चपाती लाटायची नाही म्हणून. असला आजार आम्ही ऐकला नाही. घरात शिजेल ते खायचं असेल तर ये, म्हणून माहेरी पाठवलेली. दीड महिना झाला होता, न्यायला कोणी आलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग माझ्याकडे कशाला आलास? कोणाची दारू सोडवायची आहे?"

तो खाली बघत राहिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शुभांगी दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती. पोरीचं काय चुकलं होतं? सासूला दाखवायला मी पट्टा आणला. भोकांचा.

दुसऱ्या दिवशी एसटीनं खेडला गेलो. मी, सखाराम, सुनंदा, आणि पिठाचे डबे घेऊन शुभांगी. जगबुडी नदीच्या पुलाजवळ घर, चांगलं खातंपितं. सासूनं चहाबरोबर बिस्किटं ठेवली. मी ताटली सरकवली आणि सगळं सांगितलं, कागद दाखवला, पट्टा दाखवला. बाई कसली ऐकते. म्हणाली, "उतारवयात माणूस वाळतोच. त्याला आजार कशाला म्हणायचा?"

मी आता काहीतरी वाईट बोलणार होतो. तेवढ्यात सखाराम उभा राहिला. सहाणेवर उभा राहतो तसा, ताठ.

म्हणाला, "विहीणबाई, हा माणूस चाळीस वर्षं देवीच्या पालखीचा पहिला भोई. यानं आयुष्यात थेंब घेतलेला नाय. ह्याच आजारानं याचे गुडघे गेले आणि पालखीखाली पडला. आणि मी मानकरी, सगळ्या गावासमोर याला प्यायलेला म्हटलं. मी खोटं बोललो. तसंच आज तुम्ही माझ्या लेकीला खोटी म्हणताय."

 सुनंदा रडत होती. सासूनं बिस्किटांची ताटली उचलून आत ठेवली. मग शुभांगीला म्हणाली, "त्या डब्यात काय आहे? त्याची भाकरी थापता येते का?"

पंधरा दिवसांनी नवरा येऊन सुनंदाला घेऊन गेला. आता अंगानं भरलीय म्हणतात.

परतीच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो.  संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा सखारामनं खिडकीतनं उकडलेल्या शेंगा घेतल्या. घेताना त्या शेंगवाल्याला विचारलं, "यात गहू नाय ना?" मग पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

शेंगा मी खाल्ल्या. पण खेडच्या त्या घरातल्या चार माणसांना माझं नाव सुद्धा माहीत नव्हतं. बोलायचं तिथं बोलला नाही.

*

आता यंदाच्या शिमग्याची सांगतो आणि वही मिटतो.

पालखी सहाणेवर बसली तेव्हा सखाराम काही बोलला नाही. मी मागं उभा राहून वाट बघितली, मग घरी आलो. तिसऱ्या दिवशी पालखी माझ्या अंगणात आली. शुभांगीनं ओवाळलं. ढोल सुरू झाला, आणि सखारामनं हात वर करून तो थांबवला. पुढच्या पहिल्या भोयाला दंडाला धरून बाजूला काढलं. ती जागा रिकामी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

सगळी वाडी उभी. पालखी त्या कोपऱ्यात झुकलेली.

मी ओट्यावरनं हललो नाही. म्हटलं, "सखाराम, खेडात बोललास ते इथं बोल. अंगण माझं आहे, पण पालखी तीच आहे. चालेल मला."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. मग हातातली काठी दुसऱ्याकडे दिली आणि त्या रिकाम्या जागेत स्वतः खांदा घातला. सत्तरीचा माणूस, जन्मात कधी दांड्याखाली गेला नव्हता. ढोलवाल्याला म्हणाला, "वाजव."

एक फेरा कसाबसा काढला. दुसऱ्या फेऱ्याला त्याची मान लाल झाली. तिसऱ्याला मी त्याचे गुडघे बघितले. ते गुडघे मी ओळखतो. लोकांनी पण बघितले असणार, कारण कोण तरी मागं हसलं.

मी खाली उतरलो, दांड्याखाली शिरलो आणि म्हटलं, "सरक."

तो सरकला, पण बाहेर गेला नाही. एका दांड्याखाली दोघं म्हातारे, गालाला गाल लागेल इतके जवळ. उरलेले फेरे काढले, पालखी पाटावर टेकवली. मग तो ओट्यावर चढला, बसला, पाच घावणे खाल्ले, रसाची वाटी दोनदा मागून घेतली, काठी उचलली आणि पालखीबरोबर पुढच्या घरी गेला.

बोलला नाही. सखाराम धाकू, वरची वाडी.